मदत हवी आहे: प्रकटीकरण ७ मधला शुभ्र झग्यांचा समुदाय आज स्वर्गात आहे, की शेवटी असणार आहे?

नगरकरीण

नमस्कार मंडळी. बायबलचा बारकाईने अभ्यास असलेल्यांनी कृपया वेळ काढून वाचावं. उत्तर लांबलं तरी चालेल.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाची प्रार्थना घरीच ठेवली आहे. वचन वाचून त्यावर थोडं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. आईच्या बायबलमध्ये प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीची उभी रेघ आहे, नवव्या वचनापासून थेट सतराव्यापर्यंत. त्यामुळे दुसरा उतारा घ्यायला मन धजत नाही.

अडचण अशी की जमणारी माणसं एका पंथाची नाहीत. आमचं माहेर नगर जिल्ह्यातलं, प्रोटेस्टंट. धाकटी बहीण वसईला दिली. तिच्या सासरचे कॅथलिक, १ नोव्हेंबरला सकल संतांच्या सणाच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणारे आणि दुसऱ्या दिवशी कबरी झाडून-पुसून मेणबत्त्या लावणारे. चुलतभाऊ गेली काही वर्षं यहोवाचे साक्षीदार या पंथात आहे. प्रत्येकाने हा उतारा आपापल्या ठिकाणी ऐकलेला आहे, आणि अर्थ एकसारखा नाही. बहिणीने फोनवर विचारलं, "ताई, आई आत्ता तिथेच आहे ना, त्या गर्दीत?" तिला द्यायचं उत्तर मला खरं द्यायचंय. नुसतं बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही.

ज्यांनी उतारा वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक. त्यात पात्म बेटावर लेखक योहान याला दर्शन होतं. आधी तो आकडा ऐकतो: इस्राएलाच्या बारा वंशांतून प्रत्येकी १२,०००, म्हणजे १,४४,००० जणांवर देवाचा शिक्का. मग तो पाहतो, तर सगळी राष्ट्रं, वंश आणि भाषा यांतून आलेला, कोणालाच मोजता न येणारा समुदाय देवाच्या राजासनासमोर आणि कोकऱ्यासमोर, म्हणजे ख्रिस्तासमोर, उभा. अंगात शुभ्र झगे, हातात झावळ्या. राजासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक जण उलट योहानालाच विचारतो की हे कोण, कुठून आले? योहान म्हणतो, ते आपल्यालाच ठाऊक. मग उत्तर येतं: मोठ्या संकटातून आलेले हे लोक, यांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुऊन शुभ्र केले.

आता माझी अडकलेली जागा. पंधराव्या वचनात हे लोक देवाच्या मंदिरात रात्रंदिवस सेवा करतात. पण २१:२२ मध्ये नव्या यरुशलेमेत मंदिर नाही, आणि २२:५ मध्ये तिथे रात्रही नाही. म्हणजे मंदिर आणि रात्र दोन्ही असलेलं हे दृश्य नव्या सृष्टीच्या आधीचं ठरतं. तसं असेल तर तो समुदाय आजचा, आणि बहिणीला मी "हो" म्हणू शकते. फिलिप्पैकरांस १:२३ मध्ये पौलाला देह सोडून ख्रिस्ताजवळ जावंसं वाटतं, तेही याच्याशी जुळतं.

पण लगेच पुढची दोन वचनं भविष्यकाळात आहेत: त्यांना पुन्हा भूक लागणार नाही, तहान लागणार नाही, देव त्यांच्या डोळ्यांतलं सगळं पाणी पुसून टाकील. हेच अभिवचन २१:४ मध्ये पुन्हा येतं, आणि तिथे ते निःसंशय शेवटचं आहे, मरण संपल्यावरचं. मग सातव्या अध्यायातलं दृश्य म्हणजे शेवटाची आगाऊ झलक आहे का?

दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो. 'मोठ्या संकटातून आलेले' म्हणजे फक्त रक्तसाक्षी, विश्वासासाठी मारले गेलेले, का? आई कोणाच्या छळाने गेली नाही. लांबलेल्या आजाराने, घरच्या खाटेवर गेली. शेवटपर्यंत प्रार्थना करत होती, पण विश्वासासाठी तिला कोणी मारलं नाही. तिच्यासाठी हा उतारा वाचायचा मला हक्क आहे का?

आणि तिसरं, सगळ्यांसमोर हे कोणत्या शब्दांत मांडावं?

वसईचा वाचक

ताई, प्रथम तुमच्या आईंना शांती लाभो.

आमच्याकडे १ नोव्हेंबरच्या मिस्सात पहिलं वाचन हेच असतं, प्रकटीकरण ७:२-४ आणि ९-१४. म्हणजे तुमच्या बहिणीच्या सासरी हा उतारा सगळ्यांच्या कानावरचा आहे. तो ऐकताना आम्ही तो समुदाय आजचाच समजतो. संत देवासमोर आहेत, आणि ५:८ मध्ये वडीलजनांच्या हातात धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत, त्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. संत आपल्यासाठी विनवणी करतात या आमच्या श्रद्धेला तिथूनही आधार मिळतो.

पण तुमचा 'आज की शेवटी' हा प्रश्न आमच्याकडे एका पोपनेच उभा केला होता, हे सांगितलंच पाहिजे. फ्रान्समधल्या अविन्यो शहरात, जिथे तेव्हा पोप राहत, पोप योहान बावीसावे यांनी १ नोव्हेंबर १३३१ रोजी, सकल संतांच्याच दिवशी, प्रवचनात सांगितलं की संतांचे आत्मे सध्या 'वेदीखाली' आहेत. आधार प्रकटीकरण ६:९ चा, जिथे विश्वासासाठी मारले गेलेल्यांचे आत्मे वेदीखाली दिसतात. वेदीखाली याचा अर्थ त्यांनी लावला ख्रिस्ताच्या मानवी स्वरूपाच्या आश्रयाखाली. देवाचं थेट दर्शन त्यांना अखेरच्या न्यायानंतरच होईल, असं त्यांचं म्हणणं. केवढं वादळ उठलं! पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला. डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतलं, आणि त्यांच्यानंतरचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये निर्णय दिला की शुद्ध झालेले आत्मे पुनरुत्थानाची वाट न पाहता देवाला समोरासमोर पाहतात. तुम्ही एकट्याच या जागी अडकलेल्या नाही.

एक गोष्ट मात्र जपा. "आई आत्ता तिथे आहे" असं तुम्ही ठामपणे म्हणालात, तर बहिणीच्या सासूबाई कदाचित गप्प राहतील. २ नोव्हेंबरला आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, कारण काही आत्म्यांचं शुद्धीकरण अजून चालू असतं अशी आमची श्रद्धा आहे. त्यांच्या गप्प राहण्यात तुमच्या आईबद्दल शंका नसेल. त्या प्रेमानेच तिच्यासाठी प्रार्थना करत असतील. बहिणीला हे आधी सांगून ठेवा.

रक्तसाक्षींबद्दल: रोमच्या पॅन्थिऑन या जुन्या देवळाचं सातव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च झालं, ते मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांच्या नावाने. पुढे सण सर्व संतांचा झाला. खाटेवर देह ठेवलेले कितीतरी जण त्यात आले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर हेच.

निवृत्त पाळक

प्रिय भगिनी, तुम्ही मंदिर आणि रात्रीचा मुद्दा अचूक पकडला आहे. त्याच्याच जोडीला ६:११ ठेवा. वेदीखालच्या आत्म्यांना शुभ्र झगा दिला जातो आणि सांगितलं जातं, अजून थोडा वेळ विसावा घ्या, तुमच्या सोबतीच्या दासांची संख्या पुरी व्हायची आहे. झगा मिळाला आहे, पण वाट पाहणं संपलेलं नाही. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका वचनात आहे. ख्रिस्तात मरण पावलेले आज त्याच्याजवळ आहेत, आणि सातव्या अध्यायातला भरलेला समुदाय, डोळे पुसले जाणं, हे पुनरुत्थानानंतर पुरं होईल. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रातही, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका जुन्या श्रद्धा-जाहीरनाम्यातही, असंच आहे: नीतिमानांचे आत्मे देवाजवळ जातात आणि तिथे शरीराच्या सुटकेची वाट पाहतात. आपल्यातल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या बंधूंना हे मान्य नाही. ते म्हणतात, मेलेले निद्रेत आहेत, आणि वेदीखालच्या आत्म्यांची सूडाची हाक ही भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्ताने जमिनीतून ओरडावं तशी आहे, उत्पत्ती ४:१०. वेदीच्या पायथ्याशी बळीचं रक्त ओतत असत, हे लक्षात घेतलं तर त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मला ते पटत नाही, कारण हाबेलाच्या रक्ताला कोणी झगा दिला नाही किंवा विसावा घे असं म्हटलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो फार जुना आहे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने अगदी तुमच्या भीतीसारखंच लिहिलं: योहानाला वेदीखाली रक्तसाक्षीच दिसले, आणि २०३ साली मारल्या गेलेल्या पर्पेतुआ या रक्तसाक्षी स्त्रीलाही आपल्या दर्शनात सुखलोकात तेच दिसले, म्हणून तिथलं दार फक्त त्यांनाच लगेच उघडतं. मंडळीने मात्र हे मत धरून ठेवलं नाही. आणि उतारा स्वतः काय म्हणतो ते बघा. झगे शुभ्र कशाने झाले? त्यांच्या स्वतःच्या रक्ताने नाही, कोकऱ्याच्या. सहाव्या अध्यायात मारले गेलेल्यांचा उल्लेख स्पष्ट आहे, इथे तो नाही. 'मोठं संकट' म्हणजे काय यावर मतं फुटतात. काहींच्या मते ते ७० साली यरुशलेम पडलं त्या वेळचं, काहींच्या मते अजून यायचं आहे. शेवटच्या काळातली शेवटची काही वर्षं, असं १९ व्या शतकात डार्बी या धर्मशिक्षकाच्या शिकवणीतून पसरलं. ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळच तो, असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातला आहे. योहान स्वतः १:९ मध्ये आपल्या वाचकांना 'संकटातला सोबती' म्हणवतो. ते संकट त्याच्या दृष्टीने चालूच होतं.

हक्काचं विचारता? आईनेच रेघ ओढून ठेवली आहे. वाचा.

आणखी एक, झावळ्यांबद्दल. आपल्याला लगेच झावळ्यांचा रविवार, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा दिवस, आठवतो, पण लेवीय २३:४० प्रमाणे यहुद्यांच्या मंडपांच्या सणातही झावळ्या हातात घेऊन देवापुढे आनंद करायचा असे. तो रानातल्या प्रवासाची आठवण ठेवणारा सण. पंधराव्या वचनात देव त्यांच्यावर आपला मंडप पसरतो, आणि पुढे लगेच पाण्याचे झरे. प्रवास करून आलेल्या माणसांचा सण आहे हा. लांबलेल्या आजाराबद्दल बोलताना हे तुम्हाला उपयोगी पडेल.

रानफूल

चुलतभावाबद्दल थोडं. मी साक्षीदारांच्याच घरात वाढले, आता त्यांच्यात नाही, पण त्यांचं म्हणणं नीट पोचावं म्हणून लिहितेय. १९३५ मध्ये वॉशिंग्टनच्या अधिवेशनात त्यांचे तेव्हाचे प्रमुख रदरफोर्ड यांनी शिकवलं की १,४४,००० अक्षरशः तेवढेच आणि स्वर्गात राज्य करणारे, तर मोठा समुदाय पृथ्वीवर कायम जगणारा. 'राजासनासमोर' म्हणजे स्वर्गातच असं नाही, मत्तय २५ मध्ये राष्ट्रंही राजासनासमोर जमतात, असा त्यांचा आधार. यावर १९:१ दाखवता येतं, तिथे मोठा समुदाय स्वर्गात असल्याचं म्हटलंय, आणि ७:१५ मधलं मंदिरही आहेच. पण पुण्यस्मरणाच्या दिवशी हा वाद काढू नका, ही कळकळीची विनंती. तो आला, बसला, हेच त्याच्यासाठी मोठं आहे. समुदायाच्या जागेवर भर न देता कोकरा त्यांचा मेंढपाळ होतो या सतराव्या वचनावर बोललात, तर त्याला उठून जावं लागणार नाही.

नगरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, 'झगा मिळाला आहे, वाट पाहणं संपलेलं नाही' हे मी बहिणीला कालच फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोलत राहिली. आईबद्दल इतकं आम्ही वर्षभरात बोललो नव्हतो.

६:११ आधी वाचेन. त्याआधीची रक्ताचा सूड मागणारी हाक त्या दिवशी नको वाटते, म्हणून एवढं एकच वचन, आणि मग ७:९ ते १७ पूर्ण. वसईचे दादा, तुमची सूचना बहिणीला कळवली. तिच्या सासूबाईंना मीच विनंती करणार आहे की शेवटची प्रार्थना त्यांनी त्यांच्या पद्धतीने करावी.

एक राहिलं. भाचा बारा वंशांची यादी पाठ करतोय आणि त्यात दान हा वंश नाही म्हणून हटून बसलाय. त्याला काय सांगू?

निवृत्त पाळक

त्याला शाबासकी सांगा. दान नाही, आणि एफ्राइमाचं नावही नाही, त्याच्या जागी त्याचा बाप योसेफ आहे. जमिनीच्या नेहमीच्या वाटणीत नसणारा लेवीही इथे आहे. दुसऱ्या शतकात इरेनेयस या बिशपने यिर्मया ८:१६ वरून म्हटलं की ख्रिस्तविरोधी दानातून येणार म्हणून तो गाळला. त्याहून साधं कारण मूर्तिपूजेचं दिलं जातं: शास्ते १८ मधली दान वंशाची मूर्ती, आणि इस्राएलाचा राजा यराबाम याने दान नगरात ठेवलेलं सोन्याचं वासरू, १ राजे १२:२९. योहान स्वतः कारण देत नाही. पण भाच्याला यहेज्केल ४८ उघडून द्या. शेवटच्या काळातल्या देशाची वाटणी तिथे आहे, आणि तिचं पहिलंच नाव दान आहे.