सिंहगड रस्ता, स्कूटर आणि लेकाचा खोकला

गोधडी:
लेक तिसरीत आहे. माणिकबागेतून आनंदनगरच्या पुढे शाळेत मीच स्कूटरवर सोडते. पठ्ठ्या अजून पुढेच उभा राहतो, मागे बसायचं नाव काढत नाही. दिवाळीपासून खोकतोय, दिवसा कमी, पहाटे जास्त. सिरप झालं, ज्येष्ठमध झालं, सासूबाईंचा ओव्याचा शेक झाला.

मोबाईलवर रोज हवा बघते, बहुतेकदा 'समाधानकारक' असते. पण शाळेच्या गेटवर पंधरा-वीस व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या! तिथे माझेच डोळे चुरचुरतात. हिंगण्याकडच्या आतल्या गल्ल्यांतून गेलं तर सात-आठ मिनिटं जास्त लागतात. नवरा म्हणतो, शहर एक, हवा एक, गल्लीत काय वेगळी मिळणार? खरंच फरक पडतो का? आणि मास्क लावू का?

उपाशी_बोका:
दहावीपर्यंत आम्ही पीएमटीच्या मागे सायकल हाणली. काही झालं नाही.

नळस्टॉप:
बोकेबुवा, तेव्हा लक्ष्मी रोडवर सायकलीच जास्त होत्या.

गोधडीताई, 'समाधानकारक' या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे पीएम 2.5 (हवेतले अगदी बारीक कण) चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं तरी निर्देशांक शंभरातच राहतो, म्हणजे समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा 15 आहे. शिवाय तो आकडा हवा मोजणाऱ्या केंद्राच्या जागेचा आणि दिवसभराचा, तुमच्या गेटवरच्या सकाळच्या वीस मिनिटांचा नव्हे.

गल्लीने फरक पडतो, नवऱ्याला सांगा. धुरातले सगळ्यात बारीक कण आणि काजळी रस्त्यापासून पहिल्या शंभर-दीडशे मीटरांतच झपाट्याने कमी होतात. फक्त तुमच्या गल्लीचा शॉर्टकट झालेला नसावा.

पीयूसीवाला:
माझं सेंटर आहे म्हणून सांगतो. पेट्रोल गाडीचा आम्ही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतो, डिझेलला धूर किती दाट ते. नायट्रोजनचे ऑक्साइड किंवा पीएम 2.5 आमचं मशीन मोजतच नाही. त्यामुळे 'सगळ्यांची पीयूसी आहे' हे व्हॅनवाल्यांचं उत्तर घेऊ नका. सीएनजीला काजळी कमी, पण नायट्रोजनचे ऑक्साइड निघतातच. व्हॅनवाल्याला आरोग्यावर भाषण देऊन उपयोग नाही. उभ्या गाडीत इंधन फुकट जळतंय म्हणा, लगेच पटतं.

बालरोग_कोथरूड:
खोकला पहाटेचा, आणि दिवाळीपासून चालू. न बघता निदान करणार नाही, पण एवढे दिवस सिरपवर काढू नका. पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकतो का? छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? घरात कोणाला दमा, शिंका, त्वचेची ॲलर्जी? हे लिहून बालरोगतज्ज्ञांकडे जा. या वयात बहुतेक मुलं फुंकून श्वासाची तपासणी देऊ शकतात. पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) दिला तर 'सवय लागेल' म्हणून घाबरू नका, तसं काही नसतं.

मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात आणि फुप्फुसं अजून वाढत असतात. कॅलिफोर्नियात साडेतीन हजारांहून जास्त मुलं दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत तपासली. महामार्गापासून 500 मीटरच्या आत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढ लांब राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. पुढे तिथली हवा सुधारली, तेव्हा नंतरच्या मुलांमध्ये पंधराव्या वर्षी फुप्फुसं कमजोर असण्याचं प्रमाण जवळपास 8 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

कापडी मास्कने बारीक कण फारसे अडत नाहीत. एन-95 लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही, आणि कुठलाही साधा मास्क वायू अडवत नाही. त्यापेक्षा गल्ली बरी. आणि हो, रात्री खोलीत डासांची कॉइल लावत असाल तर आजच बंद करा. लोक रस्त्याला शिव्या देतात आणि उशाशी धूर करतात.

थेम्सकाठी:
मी आग्नेय लंडनला राहते. इथे लुईशममध्ये साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यालगत एला नावाची मुलगी राहायची. दम्याने 2013 मध्ये गेली, नऊ वर्षांची होती. तिची आई रोझामंड मागे लागली, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये दुसऱ्यांदा चौकशी होऊन मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदलं गेलं. ब्रिटनमधली ती पहिलीच नोंद.

घाबरवायला नाही सांगत. इथे बऱ्याच शाळांसमोरचा रस्ता शाळा भरताना-सुटताना गाड्यांना बंद असतो. तुमच्याकडे रस्ता बंद होणं कठीण असेल, पण व्हॅन गेटपासून लांब उभ्या करायला पालक सभेत सांगता येईल. एकटीने बोलू नका, चार-पाच जणी मिळून जा.

गोधडी:
पळाल्यावर खोकतो, हो. आणि माझ्या भावाला दमा आहे. शनिवारची वेळ घेतली. कॉइल होती, काढली, जाळी बसवून घेतेय. आतल्या गल्लीत एका ठिकाणी बांधकामाची वाळू पडलीये, तेवढा तुकडा सोडून जाते. डॉक्टर, पंप दिला तर शाळेत कोणाकडे ठेवायचा?

बालरोग_कोथरूड:
दम्याच्या झटक्यावेळचा असेल तर एक पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) शाळेत हवाच, आणि कुलूपबंद कपाटात नको. तो कधी, किती द्यायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर घ्या, एक प्रत वर्गशिक्षिकेला आणि एक पीटीच्या सरांना.