मदत हवी आहे: तांब्याचा बंब आतल्या नळीच्या सांध्यातून गळतोय, कशानं झाळून घ्यावा?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. परड्यात पत्र्याखाली आत्तींच्या लग्नातला तांब्याचा बंब आहे, अंदाजे 20 लिटरचा. मामंजी 82 वर्षांचे आहेत, त्यांना अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, तेव्हा आडाचं पाणी शेंदून शेजारच्या दोन घरांच्या अंघोळीसुद्धा याच बंबावर झाल्या. म्हणून ‘मोडीत घाला आणि गिझर वापरा’ हा सल्ला कृपया देऊ नका.

झालं असं, की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घर पाहुण्यांनी भरलेलं. तोटीतून गरम पाणी काढत गेलो आणि वरून गार पाणी ओतायचं राहून गेलं. बंब पार कोरडा झाला, खाली जाळ तसाच. पाणी असतं तोवर तांब्याचा पत्रा पाण्याइतकाच तापतो, कोरडा पडला की सांध्याचा डाख, म्हणजे झाळताना जोडात वितळवून भरलेला धातू, आधी जातो, हे मला आता कळलंय.

दुसऱ्या दिवशी शेणी पेटेचनात. चुर्र आवाज यायचा आणि धूर उलटा अंगावर. जाळी काढली, बंब भरला आणि खालून बॅटरी मारून बघितलं. मधली जाळाची नळी तळाला जिथे जोडली आहे तिथे बोटभर लांबीत थेंब धरतात. एक थेंब फुगतो, नळीवरून घरंगळतो, की मागचा लगेच तयार. बाहेरचा पत्रा आणि तोटी ठीक आहेत. एपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरून बघितली, चार दिवसांत जळून खाली पडली.

दोन कारागिरांना दाखवला. एक म्हणाले, कथलाचा डाख लावून देतो, तासाभराचं काम. दुसरे म्हणाले, नळी सोडवून पितळेनं झाळावी लागेल, पण जुना पत्रा पातळ झालाय, टिकेलच असं नाही. मला पहिला उपाय पटत नाही. कथील 232 अंशांनाच वितळतं, आणि हा सांधा थेट निखाऱ्यावर आहे. पुन्हा एकदा पाणी कमी पडलं की तीच गत. तर चांदीचा डाख चालेल का? हुपरीत ते काम जाणणारे पुष्कळ, पण बंबाएवढं भांडं कुणी हातात घेईल का? तांबं उष्णता लगेच पसरवतं, त्यामुळे एवढा मोठा पत्रा तापवायला दागिन्यांची फुंकणी पुरणार नाही असं मला वाटतं.

दुसरी अडचण क्षारांची. आडाचं पाणी जड आहे, तोटीतून अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे येतात. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ते विरघळतात, वाटीत करून बघितलं. पण कदाचित त्या थरानंच आणखी एखादी फट बुजलेली असेल. मग थर झाळण्याआधी काढू की नंतर? माझ्या मते आधी, कारण मळक्या तांब्यावर डाख धरत नाही. शेजारच्या काकू फरशीचं ॲसिड टाक म्हणतात, ते मी टाकणार नाही; तोटी पितळेची आहे.

जळणाचंही विचारते. शेणी, नारळाच्या करवंट्या आणि आंब्याचं वाळलेलं लाकूड एवढंच घालतो. सुताराकडचे प्लायचे तुकडे फुकट मिळतात, पण त्यातला गोंद जळतो म्हणून नको म्हटलं. पावसाळ्यात जळण दमट होतं आणि नळीत डांबरासारखा चिकट थर बसतो. तो कशानं खरवडता? तारेच्या ब्रशानं तांबं झिजेल अशी भीती वाटते. राख मात्र रोज काढते, ओली राहिली की तळ खाते.

पापाची तिकटी, गंगावेश किंवा आसपासच्या गावात बंबाची नळी बदलून देणारे तांबट कुणाला माहीत आहेत का? कुणी असा बंब झाळून घेतला असेल तर किती वर्षं टिकला तेवढं नक्की सांगा. बंब रिक्षात घालून मी स्वतः घेऊन जाईन, लांब असलं तरी चालेल.