सापसुरळी, सापाची मावशी आणि धुक्याचं रान

(बोलणारे नागपूरचे; नावांऐवजी त्यांच्या वस्त्या दिल्या आहेत.)

धरमपेठ : मुलीच्या शाळेसाठी प्राण्यांचे तक्ते मराठीत करते आहे. दक्षिणेतल्या अनैमलई-पळणीच्या डोंगरातल्या रिस्टेला नावाच्या सरपटणाऱ्या जिवावर अडले. स्किंकच्या कुळातली ही, पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. एकानं 'पाल' लिहिलं, दुसऱ्यानं खोडून 'सरडा'. मला दोन्ही पटत नाहीत. आणि ढग जमिनीला टेकतात त्या तिथल्या जंगलाला 'मेघवन' म्हणू का?

महाल : 'सापसुरळी'च लिहा, ताई, स्किंकला मराठीत तेच नाव. पालीची कातडी मऊ, दाणेदार. सरडा खरखरीत. सापसुरळीचं अंग मात्र तेल लावल्यागत चकचकीत, मान जवळजवळ नाहीच, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखी गोल. कागदाची सुरळी, सुरळीची वडी, तीच ही सुरळी असं मी मानतो. अनेकवचन सापसुरळ्या.

काटोल रोड : आमच्याकडे ती 'सापाची मावशी'. कुंडीखालून निघाली की आजी म्हणायची, "मावशी होय ते, जाऊ दे तिले." मांजर वाघाची मावशी, तशी ही सापाची. आणि रिस्टेलाची गंमत बघा : ती नखं मांजरासारखी म्यानात ओढून घेते. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. दोन्ही मावश्या एकाच जीवात! 'मांजरनखी सापसुरळी' कसं वाटतं?

महाल : फार छान. पण 'सापाची मावशी' मोठ्या अक्षरात नको. त्या नावानं लोक तिला विषारी समजतात, पावसाळ्यात अंगणात दिसली की चप्पल उचलतात. कोणत्याच सापसुरळीला विष नसतं. आजीचं वाक्य खाली जरूर द्या, तिनं ती वाचवलीच होती.

सीताबर्डी : जंगलाचं सांगतो. दक्षिणेत त्याला शोला म्हणतात, पण आपल्या नागपुरात शोला म्हटलं की हिंदीतला निखारा आठवतो, आणि हे रान तर कायम ओलं. 'मेघवन' ऐकलं की पाऊस डोळ्यांपुढे येतो. तिथे पाऊस थांबला तरी झाडं पाणी मिळवतात : पानांवर, शेवाळावर धुकं अडतं, थेंब होऊन खाली पाचोळ्यात गळतं. सापसुरळी त्याच पाचोळ्यात राहते. म्हणून 'धुक्याचं रान'. डिसेंबरातली अंबाझरी तलावावरची सकाळ पाहिलेल्या पोरांना लगेच कळेल.

धरमपेठ : लिहिलं जी : "मांजरनखी सापसुरळी. बिनविषारी. धुक्याच्या रानात, पाचोळ्याखाली राहते." खाली आजीचं वाक्य, तिच्याच बोलीत.