खेळताना संगणक कधी गोठतो, तर कधी आपोआप रिस्टार्ट होतो: तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न : मोर्णाकाठ

नमस्कार. गेले दोन महिने माझ्या गेमिंगच्या संगणकाने मला हैराण केले आहे. मला सुचले ते सगळे उपाय करून झाले, म्हणून आता इथे विचारत आहे.

हा संगणक मी २०२१ च्या अखेरीस स्वतः जुळवला. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, ६५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि ३६०० वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या तेव्हापासूनच्याच आहेत. यंदा जानेवारीत ओळखीच्या माणसाकडून वापरलेले आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड घेतले आणि फेब्रुवारीत त्याच वेगाच्या, पण दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन पट्ट्या घालून रॅम ३२ जीबी केली.

गेम चालू असताना, कधी दहा मिनिटांत तर कधी तीन तासांनी, चित्र जागच्या जागी थांबते, आवाज एकाच सुरावर अडकून घरघरत राहतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. काही वेळा मात्र पडदा एकदम काळा होतो आणि संगणक कोणताही संदेश न देता पुन्हा सुरू होतो. निळा पडदा आतापर्यंत एकदाच आला आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहिलेले होते. मी विंडोज ११ दोनदा फॉरमॅट करून पुन्हा टाकले, ग्राफिक्सचा ड्राइव्हर डीडीयू या सफाईच्या प्रोग्रामने मुळापासून काढून नव्याने घातला आणि प्रोसेसरचा थर्मल पेस्टही बदलला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद सापडते. एका दुकानदाराने तर कॅबिनेट न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून टाकले.

अकोल्यात सध्या पारा ४४ च्या आसपास आहे, खोलीत कूलर चालू असतो आणि संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होते. संगणक ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे. खर्च करण्याआधी दोष नेमका कशात आहे हे कळावे, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद : रात्रपाळी

एवढ्या उन्हाळ्यात पहिला संशय तापमानावरच जातो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये जाऊ द्या, म्हणजे संगणक बंद पडला तरी शेवटच्या क्षणापर्यंतचे आकडे हाती राहतील. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आणि ३०८० च्या चिपची ९३ अंशांची आहे. तिथे पोहोचण्यापूर्वी दोघेही आपला वेग कमी करतात, त्यामुळे ७५-८० अंशांवर असताना बंद पडत असेल तर उष्णतेला दोष देता येणार नाही. मात्र या कार्डाच्या मेमरीचे तापमान वेगळ्या ओळीत दाखवतात, ते आवर्जून पाहा. कार्ड वापरलेले असल्यामुळे आतले थर्मल पॅड सुकलेले असू शकतात, आणि ती मेमरी ११० अंशांपर्यंत गेली की कार्ड अडखळू लागते.

हा धागा पुढे इंटेलवाल्यांच्याही वाचनात येईल म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यासाठी बायोसमधून (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसा प्रोसेसर असेल तर बाकी काही करण्याआधी बायोस अद्ययावत करावा. मोर्णाकाठ यांचा प्रोसेसर त्यांतला नाही.

प्रतिसाद : सोल्डरगन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गोठणे आणि रिस्टार्ट होणे हा एकच आजार धरून चालला आहात आणि मला वाटते गुंता तिथेच झाला आहे. हे दोन वेगळे दोष एकाच वेळी आलेले असू शकतात, कारण तुम्ही महिन्याभरात दोन मोठे बदल केलेत. एकाला औषध दिले की दुसरा डोके वर काढतो आणि माणसाला वाटते की कोणत्याच उपायाचा गुण येत नाही.

आधी त्या ४१ क्रमांकाच्या नोंदीविषयी. तिच्यावरून लोक एसएमपीएस बदलतात, परंतु तिचा अर्थ ‘मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता’ एवढाच असतो. तुम्ही स्वतः बटण दाबून धरलेत तरी तीच नोंद पडते. ती उघडून तपशिलाच्या टॅबमध्ये जा. तिथे बगचेक कोडचा (निळ्या पडद्यामागच्या चुकीच्या क्रमांकाचा) रकाना शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. पॉवर बटणाच्या वेळेचा वेगळा रकाना असतो, त्यात आकडा असेल तर ती गोठण्याची घटना आणि शून्य असेल तर आपोआप रिस्टार्ट झाल्याची, अशी वर्गवारी मागच्या तारखांचीही करता येईल. त्याच सुमारास ‘व्हीया-लॉगर’ची नोंद दिसली तर तीही लिहून ठेवा. ती प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेवरची हार्डवेअरची चूक असते.

माझा अंदाज असा की गोठण्यामागे रॅम आहे. पाकिटावर ३६०० छापलेले असले तरी तो वेग बायोसमधली एक्सएमपी ही वेगाची तयार मांडणी चालू करून मिळवलेला, म्हणजे एक प्रकारे ओव्हरक्लॉकच असतो. तुमच्या प्रोसेसरची अधिकृत हमी दोन पट्ट्यांना ३२०० पर्यंतची आहे. चारही खाचा भरल्या की ती एकेरी रँकच्या (रँक म्हणजे पट्टीवरच्या चिपांचा एकत्र चालणारा गट) पट्ट्यांसाठी २९३३ वर आणि दुहेरी रँकच्या पट्ट्यांसाठी २६६७ वर उतरते. त्यात तुमच्या दोन जोड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे आतल्या चिपा आणि टायमिंग जुळतीलच असे नाही. निळ्या पडद्यावरचा संदेशही त्याच दिशेने बोट दाखवतो. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक आली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी मानू नका. चूक आली तर प्रत्येक जोडी वेगळी तपासा आणि त्या वेळी पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा.

रिस्टार्टसाठी दोन प्रश्न आहेत. संगणक रिस्टार्ट होतो त्या क्षणी मॉनिटरचा दिवा चालू राहतो की विझतो? आणि ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल जोडल्या आहेत, की एकाच केबलची दोन टोके दोन्ही खाचांत घातली आहेत?

कृपया या काळात एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारखेनिशी लिहा. विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन टीडीआरची, म्हणजे कार्डाच्या प्रतिसादाची वाट पाहण्याची, दोन सेकंदांची मुदत वाढवण्याचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेलच. तो तूर्त बाजूला ठेवा. त्याने कार्ड प्रतिसाद देत नसल्याची तक्रार विंडोज उशिरा करते, कार्ड सुधारत नाही.

प्रतिसाद : तीन_फेज

विजेच्या बाजूने थोडे. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलते. तुमचे कार्ड एकटेच ३२० वॅट घेते, त्यामुळे गेमच्या भरात वीज गेली तर ते यूपीएस तुम्हाला गेम सेव्ह करण्याएवढाही वेळ देणार नाही. चाचणीपुरते यूपीएस मध्ये न ठेवता संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डही नको. रिस्टार्ट तरीही झाले तर यूपीएस निर्दोष ठरेल.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, तेही सांगा. येत असतील तर वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. आपल्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो. जुन्या घरांत उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायची पद्धत होती ती उगाच नव्हती.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मोर्णाकाठ

सर्वांचे आभार. नऊ दिवस वही ठेवली, त्यातले जसेच्या तसे देतो.

गेम चालू असताना प्रोसेसर ७८, कार्डाची चिप ७६ आणि कार्डाची मेमरी ९८ अंशांपर्यंत गेली. कॅबिनेटला झिणझिण्या येत नाहीत, वायरमनने मोजलेले व्होल्टेज १.२ निघाले. मागच्या ४१ क्रमांकाच्या सतरा नोंदी तपासल्या. अकरांमध्ये बटण दाबल्याची वेळ होती, पाचांमध्ये नव्हती आणि एक त्या निळ्या पडद्याची होती. त्या पाचही वेळा मी नकाशे मोठे असलेला एकच नेमबाजीचा गेम खेळत होतो, हे मला वही लिहीपर्यंत लक्षातच आले नव्हते.

चार पट्ट्या आणि ३६०० वेग अशा स्थितीत मेमटेस्टने दुसऱ्याच फेरीत ११ चुका दाखवल्या. जुनी जोडी एकटी ३६०० वर चार फेऱ्या स्वच्छ पार झाली, आणि नवी जोडीही तशीच. चारही पट्ट्या ३२०० वर ठेवल्या तेव्हा तिसऱ्या फेरीत एक चूक आली, २९३३ वर एकही नाही. त्यानंतर आठवडाभरात संगणक एकदाही गोठलेला नाही.

रिस्टार्ट मात्र यूपीएस काढूनही दोनदा झाले. मॉनिटरचा दिवा दोन्ही वेळा चालूच होता आणि त्यावर ‘नो सिग्नल’ असे आले. केबल एकच आहे, तिची दोन टोके कार्डाला लावली आहेत. कार्ड देणाऱ्याकडेही तशीच जोडणी होती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलेच नाही.

प्रतिसाद : सोल्डरगन

उत्तम नोंदी आहेत. सतरांपैकी अकरा रॅमच्या खाती आणि पाच विजेच्या खाती, असे त्यांचे स्पष्ट दोन गट पडतात. निळा पडदाही रॅमच्याच खाती घालायला हरकत नाही. चारही पट्ट्या चांगल्या आहेत, फक्त एकत्र आल्यावर मेमरी कंट्रोलरला त्या वेगाने चौघी सांभाळता येत नाहीत. म्हणून दुकानात नेऊन एकेक पट्टी तपासली असती तर ‘रॅम ठीक आहे’ असेच उत्तर मिळाले असते. आणखी एक काम करा. तुम्ही दोन्ही वेळा विंडोज टाकलेत ते याच चुका करणाऱ्या रॅमवर, त्यामुळे काही फायली डिस्कवर जातानाच बिघडल्या असू शकतात. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी स्कॅननाउ ही विंडोजच्या फायली तपासणारी आज्ञा चालवा आणि स्टीममधून प्रत्येक गेमच्या फायलींची पडताळणी करा.

आता एसएमपीएस. मॉनिटर चालू राहिला आणि यूपीएस काढूनही संगणक गेला, तेव्हा घरातला वीजपुरवठा संशयातून सुटला. कार्डाचे ३२० वॅट, प्रोसेसरचे ७६ आणि बाकीचे ५० धरले तरी बेरीज ४५० च्या आत राहते, म्हणून ६५० वॅट पुरेसे वाटतात. परंतु ही सरासरी झाली. या पिढीची मोठी कार्डे काही मिलिसेकंदांपुरती त्याहून बरीच जास्त वीज ओढतात, आणि तो झटका जुन्या एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला शॉर्ट सर्किटसारखा वाटून ते पुरवठा तोडते. शिवाय आठ पिनांच्या एका जोडणीसाठी १५० वॅटची मर्यादा मानलेली आहे. तुमच्याकडे दोन्ही जोडण्यांचा भार एकाच केबलवरून जातो, म्हणजे त्या तारांवर व्होल्टेजही गळते. ३०८० साठी एनव्हिडिया ७५० वॅटची शिफारस करते ती या सगळ्यामुळे.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, म्हणजे ते २५६ वॅटच्या आसपास राहील, आणि त्याच नेमबाजीच्या गेमला फ्रेमची मर्यादा घाला. चार-पाच दिवस रिस्टार्ट झाले नाही तर दुसरी केबल जोडा, मर्यादा काढा आणि पुन्हा पाहा. एसएमपीएससोबत आलेलीच केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत बसली तरी तिच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात कार्ड जळू शकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मोर्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ८० टक्क्यांवर सहा दिवसांत एकदाही रिस्टार्ट झाले नाही आणि खरे सांगायचे तर गेममध्ये फरकही जाणवला नाही. माळ्यावरच्या खोक्यात मूळची दुसरी केबल सापडली. ती जोडून मर्यादा काढल्यावर पहिले आठ दिवस निर्विघ्न गेले, नवव्या दिवशी एकदा पडदा काळा झालाच. त्यामुळे असे झटके सोसणाऱ्या एटीएक्स ३.० प्रमाणाचा ८५० वॅटचा एसएमपीएस मागवला. तो बसवून पाच दिवस झाले आहेत, तोच गेम, तेच नकाशे, आणि अजून काही घडलेले नाही. एसएफसीने काही बिघडलेल्या फायली दुरुस्त केल्या. नव्या जोडीचा मोह सोडला नाही, चारही पट्ट्या २९३३ वरच ठेवल्या आहेत.

एकच विचारायचे राहिले. हे ६०० व्हीएचे यूपीएस आता विकून टाकावे का?

प्रतिसाद : तीन_फेज

विकू नका, त्याचे पैसे फारसे येणार नाहीत. त्यावर राउटर लावा. लाइट गेली तरी घरचे इंटरनेट तासभर सहज चालेल. संगणकासाठी पुढे घ्याल ते यूपीएस किमान १००० व्हीएच्या वरचे आणि प्युअर साइन वेव्हचे घ्या, आणि खरेदी करताना व्हीएचा आकडा न पाहता वॅटचा पाहा.