आवर्तन, पुनःप्रसारण, पाळी की खेप?

प्रश्न : एकाच सामायिक चॅनेलवरून तोच डेटा असंख्य यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा सोडत राहायचा आणि कुठला तुकडा कधी, किती वेळा जाणार हे आधीच ठरवून ठेवायचं, याला मराठीत काय म्हणावं? एका भाषांतरात 'पुनःप्रसारण' वाचलं. खटकलं.

उत्तर : खटकणारच. पुनःप्रसारण म्हटलं की आधी एक मूळ प्रसारण झालेलं असतं. सकाळचा कार्यक्रम रात्री परत लागतो, तसं. इथे पहिलं-दुसरं काही नसतं. बीबीसीची सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा घ्या, १९७४ ते २०१२ चालली. टीव्हीच्या सिग्नलमध्ये ज्या ओळींत चित्र नसतं, त्यांतून मजकुराची पानं एकामागून एक जात राहायची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. रिमोटवर पानाचा आकडा दाबला की ते पान फिरून येईपर्यंत थांबायचं. टीव्हीकडून मागणी उलट बीबीसीकडे जायला वाटच नव्हती. याला 'आवर्तन' चपखल बसतं. तालाचं आवर्तन आहेच, आणि कालव्याचं आवर्तन सुटल्याच्या बातम्याही आपण दर हंगामात वाचतो.

प्रश्न : कालव्याचंच घ्यायचं तर 'पाळी' का नको? शेजपाळी हा रुळलेला शब्द आहे.

उत्तर : शेजपाळीत पाळी शेतकऱ्याची असते; एकाचं भिजवून झालं की दुसऱ्याचं. प्रसारणात पाळी येते ती पानाची. ऐकणारी यंत्रं दहा असोत की दहा लाख, वेळ तेवढाच लागतो, आणि या पद्धतीचा सगळा फायदा तिथेच आहे. 'क्लायंटची पाळी' (क्लायंट म्हणजे ऐकणारं यंत्र) असं लिहिलं की अर्थ उलटा होतो.

आणखी एक उत्तर : आवर्तनाच्या पोटात दुसरं आवर्तन असतं, त्याचीही सोय हवी. जीपीएस उपग्रहांच्या एल-१ या रेडिओपट्ट्यावरच्या जुन्या संदेशाचा वेग सेकंदाला ५० बिट. उपग्रहाचं घड्याळ आणि त्याच्या स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी येतो, कारण त्यावाचून जागा काढता येत नाही. बाकी सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती २५ चौकटींत (एक चौकट ३० सेकंदांची) विभागलेली असते, ती पुरी व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून 'लहान आवर्तन' आणि 'मोठं आवर्तन' असे दोन शब्द ठेवावेत.

एका तुकड्याच्या एकेका जाण्याला मी 'खेप' म्हणेन. इथे 'वारंवारता' अपुरी पडते. समजा २० सेकंदांच्या आवर्तनात एका पानाच्या दोन खेपा आहेत. त्या दहा-दहा सेकंदांवर असतील तर सरासरी थांबणं ५ सेकंद. दोन आणि अठरा अशा अंतरावर असतील तर ८.२ सेकंद! वारंवारता दोन्हीकडे सारखीच. एका पानाची मागणी दुसऱ्याच्या चौपट असली तरी, पानं सारख्या आकाराची असतील तर, खेपा दुप्पटच ठेवायच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात. त्याहून जास्त दिल्या की बाकीची पानं ताटकळतात.

प्रश्न : आणि क्लायंट? 'ग्राहक' लिहू का?

उत्तर : नको, दुकान आठवतं. रेडिओसाठी 'ग्राही' आहेच, तोच चालेल. मग वाक्य असं होईल : 'जास्त मागणीच्या पानाच्या एका आवर्तनात चार खेपा ठेवाव्यात, खेपांमधलं अंतर समान असावं, म्हणजे ग्राहींना कमी थांबावं लागतं.'