भिंत न फोडता स्कर्टिंगच्या तीन टाइल्स कशा काढाव्यात? मदत हवी आहे

बेडरूममध्ये कपाट भिंतीला चिकटून बसवायचं आहे, पण स्कर्टिंग 12 मिमी पुढे आलंय. सहा फुटांचा भाग, म्हणजे दोन फुटी तीन टाइल्स काढायच्यात. व्हिट्रिफाइड, 4 इंच उंच, मागे सिमेंटचा माल. केमिकल अ‍ॅढेसिव्ह नाही. बाजूच्या टाइल्स तशाच राहायला हव्यात.

वरच्या कडेची पुट्टी कटरने चिरली, सांध्यातलं ग्राउट खरवडलं आणि वरून पटाशी घालून हलक्या हाताने ठोकलं. पहिली टाइल निघाली, पण तळहाताएवढं प्लास्टर घेऊनच. आतली वीट दिसतेय. दुसरी टकटक केल्यावर एका टोकाला पोकळ वाजते, बाकी भरीव.

भिंत चार इंची विटेची आहे, त्यामुळे जोरात ठोकायची भीती वाटते. त्या भागात वायर किंवा पाइप नाही. काढलेल्या टाइल्स फुटल्या तरी चालतील, फरशीची कड मात्र उडायला नको. मिस्त्री ग्राइंडर लावा म्हणतो. आईला दमा आहे, म्हणून धूळ शक्य तितकी टाळायची आहे.

उरलेल्या दोन टाइल्स मधोमध फोडून पोकळ टोकाकडून तुकड्यातुकड्याने काढल्या तर प्लास्टर टिकेल का? की आधी वरच्या कडेला ग्राइंडरने चीर मारावीच लागेल, आणि ती किती खोल?