गोळ्या वेळेवर, अँटिबॉडी नाहीत, तरी किडनीला सूज कशी?

सातारची_धाकटी:
आईची किडनी दादाला बसवून सव्वादोन वर्षं झाली. नऊचा गजर वाजायच्या आत आई गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. तरी क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) १.२ वरून १.९ वर गेलं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी ७, म्हणजे ठीक. बायोप्सीत (किडनीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) बारीक रक्तवाहिन्यांना सूज निघाली. दात्याविरुद्ध अँटिबॉडी नाहीत, सी४डी, म्हणजे अँटिबॉडीच्या हल्ल्याची किडनीत दिसणारी खूण, तीही निगेटिव्ह. आई सारखी विचारते, "माझीच किडनी खराब होती का गं?" मग हल्ला करतंय कोण?

लॅबवाला_काका:
आधी आईंना सांग, त्यांचा काहीएक दोष नाही. टॅक्रोलिमस मुख्यतः टी-पेशींना, म्हणजे परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना आवरतं. जन्मजात प्रतिकारशक्तीतल्या एनके (नॅचरल किलर) पेशी आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्याने तितक्या दबत नाहीत. एनके पेशी समोरच्या पेशीवर आपल्या ओळखीची एचएलए खूण (पेशीवरची, आईवडिलांकडून आलेली ओळखखूण) शोधतात. सापडली की गप्प बसतात, नाही सापडली तर हल्ला करू शकतात. दादाला वडिलांकडून आलेली खूण आईच्या किडनीवर नसूही शकते. अँटिबॉडी नसताना सूज येण्याचं हे एक कारण मानतात. बॅन्फ म्हणजे बसवलेल्या अवयवांच्या बायोप्सी वाचायची जगभर वापरली जाणारी पद्धत; तिच्या २०२२ च्या वर्गीकरणात अशा बायोप्सीला वेगळा गट दिलाय. बायोप्सीच्या तुकड्यात या पेशींची कुठली जनुकं जागी झालीत, तेही मोजता येतं. डॉक्टरांना विचार.

नऊ_वर्षांची_किडनी:
ताई, अँटिबॉडीची तपासणी पुन्हा कधी करायची तेही विचारा. आणि मनाने एकही गोळी कमी-जास्त करू नका.

सातारची_धाकटी:
काका, तुमचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय, वहीत सगळं उतरवून घेतलंय.